घरात फ्रीज आहे, नळाला चोवीस तास पाणी आहे, तरी गरीब कसे? (ब्रिटनमधल्यांनी जरूर उत्तर द्यावे)

बार्शीकर_मास्तर

नमस्कार मंडळी. मी बार्शी तालुक्यात एका कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. अकरावीला दारिद्र्याचे प्रकरण आले की फळ्यावर दोन व्याख्या लिहितो, निरपेक्ष दारिद्र्य (किमान गरजाही न भागणे) आणि सापेक्ष दारिद्र्य (आपल्या समाजातल्या इतरांच्या तुलनेत मागे असणे). पहिली मुलांना समजावून सांगावीच लागत नाही. दुसरीपाशी दरवर्षी अडते.

परवा एका मुलीने उभे राहून विचारले. तिचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, ती स्वतः सातवीपर्यंत त्यांच्याबरोबर कोपीत राहिलेली आहे. "सर, ब्रिटनमधल्या गरिबाच्या घरी फ्रीज असतो, गॅस असतो, नळाला पाणी असतं. त्याला गरीब म्हणायचं, तर आम्हाला काय म्हणायचं?" वर्ग एकदम गप्प झाला. मी पुस्तकातले उत्तर दिले: मध्यम उत्पन्नाच्या (सगळ्यांना उत्पन्नानुसार ओळीने उभे केले तर मधोमध येणाऱ्याच्या उत्पन्नाच्या) ६० टक्क्यांपेक्षा कमी उत्पन्न असेल तर तिथे गरीब धरतात. तिने वहीत लिहून घेतले, पण तिला ते पटलेले नव्हते. खरे सांगायचे तर मलाही माझे उत्तर अपुरे वाटले.

दुसरी शंका माझी स्वतःची. आपण 'दारिद्र्याचे दुष्टचक्र' शिकवतो. श्रीमंत देशात मजुरीचा दर एवढा चांगला असताना माणूस चार तास जास्त काम करून वर का येत नाही? सापळा नेमका कुठे असतो? तिकडे राहणाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलेले सांगितले तर वर्गात उपयोग होईल.

रेडिंगवाला

सर, मी सहा वर्षे इथे आहे, आयटीत. स्पष्ट लिहितो, राग मानू नये. इथे गरीब म्हणवणाऱ्यांना घरभाडे सरकार देते, मुलांचे पैसे सरकार देते, औषधपाणी फुकट. आम्ही ४० टक्के कर भरायचा आणि ज्यांना काम करायचे नाही त्यांनी भत्त्यावर बसायचे. 'सापेक्ष' हा शब्दच फसवा आहे. सगळ्यांचे उत्पन्न दुप्पट झाले तरी गरीब तेवढेच राहणार, मग त्या मोजमापाला अर्थ काय? तुमच्या विद्यार्थिनीचे म्हणणे मला शंभर टक्के पटते.

लेस्टरची_मावशी

सर, नमस्कार. मी मूळची वाईची, २००६ पासून लेस्टरमध्ये. एका प्राथमिक शाळेत जेवणाच्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवायचं काम करते आणि शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये फूड बँकेत, म्हणजे गरजूंना फुकट शिधा देतात तिथं, मदतीला जाते. अर्थशास्त्र शिकलेली नाही. पण तुमच्या मुलीचा प्रश्न वाचल्यापासून मनातून जाईना.

तिला आधी सांगा की तिचं खरं आहे. कोपीत राहून, चारला उठून, आईबरोबर फडात गेलेल्या पोरीला इथलं दारिद्र्य मोठं म्हणून कोणी सांगायला जाऊ नये. इथं डॉक्टर पैसे मागत नाही, शाळेला फी नाही, कोणाचं मूल डायरियानं दगावत नाही. हे सगळं मान्य करूनच पुढचं लिहिते.

जमिनीपासून सुरू करते. वाईला आमच्या घरी शहाबादी फरशी होती, उन्हाळ्यात आम्ही पोरं दुपारभर तिच्यावर लोळायचो. गालिचा ही श्रीमंतांची वस्तू, असंच माझ्या डोक्यात होतं. इथं आल्यावर ओळखीच्या एका बाईला काउन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, भाड्याचं घर मिळालं म्हणून मी पेढे घेऊन बघायला गेले. काउन्सिलची घरं बऱ्याचदा रिकामी करून देतात, आधीच्या भाडेकरूचा गालिचासुद्धा उखडून. खाली नुसतं काँक्रीट. ना शेगडी, ना फ्रीज, ना पडदे. महिना जानेवारीचा. तिचं धाकटं रांगत होतं. तिनं जमिनीवर पुठ्ठे पसरून त्यावर चादर घातली होती. त्या दिवशी मला कळलं की गालिचा ही इथं चैन नाही, आपल्याकडं डोक्यावर पत्रा असावा तसं ते आहे. फ्रीजचंही तेच. कोपऱ्यावर रोजची भाजीवाली नसते, स्वस्त दुकान लांब असतं, आठवड्याचं एकदम आणावं लागतं. वापरलेला फ्रीज थोड्या पौंडांत मिळतो. तो भरायला मात्र दर आठवड्याला पैसे लागतात. मी शनिवारी ज्यांना पिशव्या भरून देते त्यांतल्या काहींचा फ्रीज बंद असतो, कारण मीटरमध्ये पैसे नसतात.

मीटरचं सांगते, कारण सापळा म्हणजे काय ते मला तिथं दिसतं. बऱ्याच गरिबांच्या घरी आधी पैसे भरायचा मीटर असतो. किल्ली किंवा कार्ड घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं, पाच पौंड, दहा पौंड भरून आणायचे. पैसे संपले की वीज गेली. पण वापरा किंवा न वापरा, रोजचा स्थिर आकार चालूच राहतो. उन्हाळ्यात हीटर लावला नाही म्हणून कोणी गॅसचं कार्ड भरलं नाही, तर थंडी पडल्यावर भरलेल्या दहा पौंडांतले काही आधी त्या साठलेल्या बाकीत जातात. म्हणून फूड बँकेत लोक हळूच विचारतात, नुसत्या उकळत्या पाण्यात होईल असं काही आहे का? पिशवीत तांदूळ घालायचा की नाही, हे आधी विचारावं लागतं.

आता शाळेतलं. इंग्लंडमध्ये पहिली तीन वर्षं, म्हणजे रिसेप्शन ते इयत्ता दुसरी, सगळ्या मुलांना शाळेत जेवण फुकट आहे. २०१४ पासून. तिसरीत गेलं की लंडनबाहेर बहुतेकांना पैसे पडतात, रोजचे अडीच-तीन पौंड. त्यामुळं दर सप्टेंबरला माझ्यासमोर तेच होतं. जी मुलं जुलैपर्यंत सगळ्यांच्या रांगेत ताट घेऊन उभी असायची, त्यांतली काही डबा घेऊन वेगळ्या बाकावर येतात. काहींचे डबे छान असतात. काहींच्या डब्यात कोरड्या ब्रेडचे दोन तुकडे, मध्ये काही नाही. एक मुलगी डब्याचं झाकण पूर्ण उघडायचीच नाही. हात आत घालून तुकडा तोडायची, तोंडात टाकायची आणि झाकण परत लावायची. मी आधी समजले, तिला खेळायला पळायची घाई आहे.

तिची आई बेकार नाही, रेडिंगवाले दादा. ती वृद्धाश्रमात आठवड्याला वीस तास काम करते, म्हाताऱ्यांना आंघोळी घालते, कुशीवर वळवते. ब्रिटनमध्ये गरिबीत धरलेल्या मुलांपैकी साधारण ७० टक्के मुलांच्या घरी निदान एक माणूस कामाला जातो. २०२५-२६ च्या शालेय वर्षात फुकट जेवणाची अट अशी होती की युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणारा सरकारी भत्ता) घेणाऱ्या घरानं नव्यानं अर्ज केला, तर कर जाऊन कमाई वर्षाला ७,४०० पौंडांच्या आत पाहिजे. हा आकडा २०१८ चा, तोवर हललेला नव्हता. २०२५-२६ च्या किमान वेतनानं, तासाला १२ पौंड २१ पेन्स, आठवड्याला बारा तास काम केलं की तुम्ही त्या रेषेच्या वर गेलात आणि मुलाचं ताट गेलं. सप्टेंबर २०२६ पासून युनिव्हर्सल क्रेडिट असलेल्या सगळ्या घरांतल्या मुलांना जेवण द्यायचं सरकारनं जाहीर केलं. मी ती बातमी शाळेच्या स्वयंपाकघरात सगळ्यांना वाचून दाखवली होती.

आता तुमचा दुसरा प्रश्न, चार तास जास्त का करत नाही? त्या आईबरोबर मी कागदावर मांडून पाहिलं, ते तसंच देते. वीस तासांत तिची वर्षाची कमाई १२,५७० पौंडांच्या किंचित वर जाते, म्हणजे यापुढच्या प्रत्येक पौंडावर २० टक्के आयकर आणि ८ टक्के नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापली जाणारी सरकारी विम्याची वर्गणी). चार तासांची एक जादा पाळी म्हणजे ४८ पौंड ८४ पेन्स. कर आणि इन्शुरन्स जाऊन ३५ पौंड १६. त्यातल्या प्रत्येक पौंडामागे युनिव्हर्सल क्रेडिट ५५ पेन्सनं कमी होतं. उरले १५ पौंड ८२. तासाला चार पौंडांच्याही आत. त्यातून बसचं जाणं-येणं पाच-सहा पौंड. पाळी तीन ते सात, म्हणून पोरीला शाळेनंतरच्या क्लबात ठेवायचं. त्या खर्चातला ८५ टक्क्यांपर्यंत भाग परत मिळतो, पण सहसा आधी स्वतः भरायचा आणि मग मागायचा. आधी भरायला आणायचे कुठून? शिवाय उत्पन्न वाढलं की बऱ्याच ठिकाणी काउन्सिल टॅक्सची, म्हणजे घरपट्टीसारख्या कराची, सवलतही थोडी कमी होते, ती मी धरलेलीच नाही.

दादा, तुमच्या ४० टक्क्यांवर इन्शुरन्स धरून पौंडामागे ४२ पेन्स जात असतील. वर्षाला दीड लाख पौंड कमावणाऱ्याचेही शेवटच्या पौंडातले ४७ पेन्स जातात. हिचे जवळपास ६८ जातात. मला हे कळलं तेव्हा मी तिला म्हणाले, मी चुकले असेन, परत मांडू. परत मांडलं. तेच आलं.

पुणे_३०

मावशींनी मांडलेला हिशेब बरोबर आहे. भत्त्याच्या या कपातीचा दर २०२१ च्या अखेरीपर्यंत ६३ टक्के होता, तो ५५ वर आणला. त्याआधी पाळीचे आणखी कमी उरले असते.

मी निवृत्त प्राध्यापक, म्हणून सरांच्या वर्गासाठी दोन-तीन गोष्टी. दुष्टचक्र आणि सापळा यांची वर्गात गल्लत होते. रॅग्नर नर्क्सेने १९५३ साली मांडलेले दुष्टचक्र देशाचे आहे: उत्पन्न कमी, म्हणून बचत कमी, म्हणून भांडवल कमी, म्हणून पुन्हा उत्पन्न कमी. ब्रिटनसारख्या देशात भांडवल मुबलक आहे. तिथला सापळा घरापुरता असतो, आणि तो कर व मदत यांच्या नियमांच्या जोडणीतून तयार होतो. प्रत्येक नियम सुटा पाहिला तर समंजस दिसतो. गरजू नसलेल्याला मदत नको, हे कोणालाही पटेल. पण तीन-चार नियम एकाच उत्पन्नावर एकाच वेळी लागू झाले की वर चढणाऱ्या माणसाची पायरीच निघते.

आता फ्रीजचा प्रश्न. हा वाद ब्रिटनमध्ये सव्वाशे वर्षे चालू आहे. सीबोम राउंट्री हा यॉर्कच्या चॉकलेट कारखानदाराचा मुलगा. त्याने १८९९ मध्ये त्या शहरातल्या कामगारांच्या घरोघरी माहिती गोळा करवली आणि सुमारे २८ टक्के लोक दारिद्र्यात आहेत असा निष्कर्ष काढला. त्याची पहिली दारिद्र्यरेषा फार कठोर होती, केवळ शरीर कामापुरते टिकण्याची. त्या रेषेवरच्या कुटुंबाला वर्तमानपत्र घेता येणार नाही, गावाबाहेरच्या मुलाला पत्र पाठवायला तिकीट घेता येणार नाही, हे त्याने स्वतःच स्पष्ट लिहून ठेवले. त्याच माणसाने १९३६ मध्ये यॉर्कची पुन्हा पाहणी केली, तेव्हा रेषेत रेडिओ, वर्तमानपत्र आणि मुलांसाठीच्या भेटवस्तू यांचा खर्च धरला. समाज बदलला तशी गरजेची यादी बदलली. त्याच्याही आधी, १७७६ मध्ये, ॲडम स्मिथने लिननच्या (जवसाच्या धाग्याच्या) सदऱ्याचे उदाहरण दिले होते. ग्रीक-रोमन लोकांचे अशा सदऱ्याशिवाय काही अडले नाही, पण स्मिथच्या काळच्या युरोपात तो नसेल तर साध्या मजुराला चारचौघांत जायची लाज वाटे. म्हणून तो सदरा गरजेची वस्तू. मावशींनी सांगितलेले डब्याचे झाकण हीच ती लाज आहे.

एक योगायोग मुलांना आवडेल. राउंट्रीचा यॉर्कवरचा ग्रंथ आणि दादाभाई नौरोजींचा भारताच्या दारिद्र्यावरचा ग्रंथ, दोन्ही १९०१ साली निघाले. जगातल्या सर्वांत श्रीमंत साम्राज्याच्या पोटातली गरिबी आणि त्या साम्राज्याने लुटलेल्या देशाची गरिबी, एकाच वर्षी छापली गेली. आपल्याकडे पुढे १९७१ मध्ये गोखले इन्स्टिट्यूटमधून दांडेकर आणि रथ यांनी माणशी २,२५० उष्मांकांवर रेषा आखली. ती पोटाची रेषा होती आणि तेव्हा तीच आखणे योग्य होते. २०११ मध्ये शहरात दिवसाला ३२ रुपये हा आकडा बाहेर आला तेव्हा देशभर संताप झाला. याचा अर्थ आपणही आता नुसत्या पोटावर थांबायला तयार नाही.

रेडिंगवाले यांच्या आक्षेपात एक भाग खरा आहे, तो मान्य करायला हवा. ६० टक्क्यांचे माप मध्यम उत्पन्नाला बांधलेले असल्यामुळे मंदीत विचित्र वागते. २००८ नंतरच्या मंदीत ब्रिटनमध्ये मध्यम उत्पन्न घसरले, रेषा खाली आली आणि कोणाचीही परिस्थिती न सुधारता कागदावर गरीब कमी झाले. म्हणून तिथे एक दुसरे मापही ठेवतात, एका ठरावीक वर्षाच्या रेषेला महागाई जोडून. मात्र 'सगळ्यांचे दुप्पट झाले तरी गरीब तेवढेच' यावर माझे उत्तर असे की मधल्या माणसाच्या ६० टक्क्यांखाली कोणीच नसणे गणिताने अशक्य नाही. मधला माणूस म्हणजे सरासरी नव्हे. हे मुलांकडून दहा आकडे घेऊन करून घ्या, लगेच कळते.

रेडिंगवाला

६८ टक्के मला माहीत नव्हते. मी दोनदा मांडून पाहिले, बरोबर आहे. तरी एक विचारतो, मावशी. आपल्यातले कोणी कधी फूड बँकेत आलेले दिसले का? मला वाटते आपले लोक कसेही करून भागवतात.

लेस्टरची_मावशी

आलेले आहेत दादा. गेल्या हिवाळ्यात एक मुलगा रस्त्याच्या पलीकडं अर्धा तास उभा होता. आत येईना. मी बाहेर कचरा टाकायला गेले तेव्हा तो फोनवर बोलताना मराठी ऐकू आलं, "हो आई, जेवलो." मी त्याला हाक मारली. वृद्धांच्या देखभालीच्या कामाच्या व्हिसावर आलेला, कर्ज काढून. ज्यांनी आणलं त्यांनी कबूल केलेले तास दिलेच नाहीत. तुम्हाला ठाऊक असेल, आपल्या व्हिसावर सार्वजनिक निधीचा आधार घ्यायचा नाही अशी अट असते, त्यामुळं त्याला युनिव्हर्सल क्रेडिट नाही, काउन्सिलचं घर नाही. फूड बँक त्या अटीत येत नाही, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. आपण इथं आलो तर व्हिसा जाईल, या भीतीनं तो पलीकडं थांबला होता. आपले लोक भागवतात असं दिसतं, कारण आपले लोक सांगत नाहीत.

आणि एक राहिलं. सर, शाळेत वर्षातून तीन-चार वेळा गणवेशाशिवाय यायचा दिवस असतो. आवडीचे कपडे घालायचे, एक पौंड मदतनिधीला आणायचा. आमच्या शाळेत त्या दिवशी काही ठरावीक मुलं आजारी असतात. दर वेळी तीच. गणवेशात ती सगळ्यांसारखी दिसतात. त्या दिवशी तशी दिसली नसती. तुमच्या विद्यार्थिनीला हे सांगून बघा. तिला मी समजावायची गरज नाही असं मला वाटतं.

बार्शीकर_मास्तर

सर्वांचे मनापासून आभार. आज तास घेतला. प्राध्यापकांनी सुचवल्याप्रमाणे दहा आकड्यांचे उदाहरण करून घेतले, मग मावशींचा पाळीचा हिशेब फळ्यावर मांडला. ४८ पौंड ८४ वरून १५ पौंड ८२ आले तेव्हा मुले म्हणाली, सर, तुमचं चुकलं. दोघांना फळ्यापाशी बोलावून पुन्हा करायला लावले.

ज्या मुलीने प्रश्न विचारला होता ती बराच वेळ काही बोलली नाही. गणवेशाशिवायच्या दिवसाचे सांगितल्यावर म्हणाली, "आमच्या शाळेत स्नेहसंमेलनाला साडी नेसून यायचं होतं, तेव्हा मी पण गेले नव्हते." एवढेच बोलली आणि खाली बसली. तास संपल्यावर बाहेर आली आणि तुम्हाला विचारायला सांगितले आहे: त्या बाईने मग ती पाळी घेतली की नाही?

लेस्टरची_मावशी

घेतली, बाळा. नाही म्हणणाऱ्यांना पुढचे तास आधी मिळत नाहीत, आणि तिला पुढं नर्सिंगचं शिक्षण घ्यायचं आहे, तिथं कामाचा अनुभव धरतात. क्लबाचे पैसे आधी भरायला नव्हते, म्हणून मंगळवारी आणि गुरुवारी तिची मुलगी माझ्याकडं असते. मी मुद्दाम शाळा सुटेपर्यंत थांबते आणि आम्ही दोघी चालत घरी येतो. तिला पोळी लाटायची फार हौस आहे. पहिली पोळी ती आईसाठी झाकून ठेवते. साडेसातला आई येते, उभ्या उभ्या तूप लावून खाते, आणि दोघी शेवटच्या आधीच्या बसनं जातात.